दीड सुताचे बाबा

सुतमावशीच्या हातात कुठलाही कागद द्या, ती आधी त्याची कड चाचपणार. मजकूर नंतर. विजेचं बिल असो, औषधाची चिठ्ठी असो, कुणाच्या लग्नाची पत्रिका असो, अंगठा कडेवरून फिरतो आणि निकाल जाहीर होतो, "सुतभर वाकडं कापलंय." एकदा डॉक्टरांनी तिच्या रक्ताचा अहवाल तिच्या हाती दिला. साखर किती, रक्त किती, चौकशी नाही. बाईंनी कागद उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, "यांच्या मशीनचं पातं बोथट झालंय." डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवून दिली.

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. सुतार, गवंडी आणि बाइंडर यांना त्याची किंमत कळते, बाकीचे लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. मावशीने छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात पस्तीस वर्षं काढली, पहिले काही महिने सोडले तर सगळी कटिंग मशीनवर. बाईमाणूस आणि कटिंग मशीनवर, म्हणून सुरुवातीला दुसऱ्या खात्यातले लोक कामाचं निमित्त काढून बघायला यायचे. पुढे पुढे तिने कापलेल्या गठ्ठ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहायचंही लोकांनी सोडलं, कारण लावला तरी कोपऱ्यातून उजेड दिसायचा नाही. छापखान्यातल्या लहानथोर सगळ्यांची ती मावशी झाली. खरी मावशी मात्र ती एकाच पोरीची, थोरल्या बहिणीच्या मुलीची. ती भाची आता बत्तीस वर्षांची आहे आणि औषधांच्या दुकानात नोकरी करते.

मावशीने लग्न केलं नाही. का केलं नाही याची ती तीन लोकांना तीन कारणं सांगते आणि तिन्ही खोटी आहेत. आपण त्यात पडायला नको. आपल्याला सांगायचंय ते तिच्या बाबांचं.

बाबा फुटबॉलच्या मोठ्या मैदानावर कामाला होते. गवत कापायचं, पाणी मारायचं, आणि सामना असला की सकाळी फक्की मारायची. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड. ती एका चाकाच्या गाडीत भरायची आणि गाडी ढकलत चालायचं, मागे पांढरी रेघ उमटत जाते. बाकीचे लोक आधी दोरी ताणून घेत. बाबांना दोरी लागायची नाही. मावशीचा डोळा तिथून आलाय असं थोरली ताई सांगायची. मावशी सहा वर्षांची असताना बाबांना ताप आला आणि चार दिवसांत ते गेले. चौतीस वर्षांचे होते.

घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला बोलवायची ऐपत नव्हती. एक होता, नोकरीच्या ओळखपत्रावर चिकटवलेला, तो मैदानाच्या कचेरीने नियमाप्रमाणे परत मागितला. आई म्हणाली, "कार्ड घ्या, फोटो तेवढा सोडवून द्या." कारकून म्हणाला, "फोटो काढला तर ओळखपत्राला अर्थ काय राहिला?" त्याचं बोलणं अगदी बरोबर होतं. असल्या बरोबर बोलणाऱ्या लोकांचा मला फार राग येतो.

पण त्याच वर्षी एक नवल झालं. त्या काळी च्युइंगमच्या पाकिटात खेळाडूंची कार्डं निघत. पोरं च्युइंगम थुंकून टाकत आणि कार्ड जपत. त्या हंगामाचा हिरो एक फॉरवर्ड होता, त्याला सगळे 'वादळ' म्हणत. ताईच्या वर्गातल्या एका मुलाला वादळाचं कार्ड मिळालं. ते वर्गभर फिरत फिरत ताईच्या बाकावर आलं आणि ताई उभीच राहिली. वादळ चेंडूवर पाय ठेवून ऐटीत उभा होता, मागे सकाळचं रिकामं मैदान होतं, आणि पार डावीकडे, अगदी कडेला, फक्कीची गाडी धरून एक माणूस उभा होता. नखाएवढा. तोंड जरा वळलेलं, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. त्या कडेवर त्याचा एकच खांदा मावला होता, दुसरा कागदाच्या बाहेर राहिला होता. ताईने मधल्या सुट्टीत आपली लोहचुंबकाच्या झाकणाची कंपासपेटी त्या मुलाला दिली आणि बाबांना घरी आणलं.

आईने भिंग विकत घेतलं. शिवणयंत्राच्या खणात रेशमी चिंधीत कार्ड आणि त्याच्या शेजारी भिंग. दुपारचं काम आटोपलं की ती खण ओढायची. कुणी पाहुणा आला आणि विषय निघाला की कार्ड पुढे करायची आणि बोटाने वादळाला झाकून म्हणायची, "हे आमचे." पाहुणे बिचारे कौतुकाने म्हणत, "अरे वा, वादळ!" आई म्हणायची, "तो नव्हे हो. तो कोण आहे कुणास ठाऊक."

तेरा वर्षं ते कार्ड त्या खणात राहिलं, आणि तिथेच राहिलं असतं तर पुढचं काही सांगावं लागलं नसतं.

मावशी एकोणिसाव्या वर्षी छापखान्यात लागली होती, घड्या घालणाऱ्या बायकांत. तिथल्या फोरमनने तिचा हात पाहिला आणि चार महिन्यांतच तिला कटिंग मशीनवर शिकायला ठेवलं. पोरीला आभाळ ठेंगणं झालं. जे दिसेल ते कापून सरळ करावं असं वाटायचं ते वय आणि ते काम. कार्ड तिने आधी पट्टीवर ठेवलं ते मोजायला: रुंदी वीस सूत बरोबर, त्यात बाबा दीड सूत. मग तिच्या लक्षात आलं की कार्डाच्या कडा पिंजल्यात, कोपरे गोल झालेत आणि कार्ड मुळातच तिरकं कापलेलं आहे. तिने ठरवलं, हे गुण्यात आणायचं, चौकटीत बसवायचं आणि आईला द्यायचं. आईला विचारलं नाही. तिला चकित करायचं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मशीन रिकामं असताना तिने कार्ड दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरलं, दाब लागून डाग पडू नये म्हणून. आणि आता ऐका, कारण ही चूक फक्त कापणाराच करू शकतो, दुसऱ्या कुणाच्या हातून ती झालीच नसती. कापणाऱ्याच्या हाताला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवतात, चित्र मधोमध आलं पाहिजे. दोन्हीकडे सारखी जागा. तिच्या डोळ्याने वादळाला पाहिलं, उजवीकडे किती जागा आहे ती मोजली आणि डावीकडे तेवढीच ठेवली. हातांनी आपलं काम केलं. पातं खाली आलं. पुठ्ठे बाजूला केले तेव्हा कार्ड इतकं देखणं दिसत होतं की ती स्वतःशीच हसली. चारही कडा धारदार, वादळ बरोबर मध्यभागी.

मग तिने डावीकडे पाहिलं.

कापलेली पट्टी मशीनखाली पडली होती, कातरणीत. सकाळपासूनची कातरण, पांढऱ्या पट्ट्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत. ती त्यात बसली. घड्या घालणाऱ्या दोघी बायका काय झालं ते न विचारताच शेजारी बसल्या. तिघींनी एकेक पट्टी उलटून पाहिली. भोंगा झाला, फोरमन ओरडला, मग तोही वाकून बघायला लागला. हिरव्या रंगाची पट्टी दिसली की काळीज उडायचं आणि ती कुठल्यातरी पुस्तकाच्या वेष्टणाची निघायची. चार वाजता कातरणीची पोती उचलणारी गाडी आली. लगद्याच्या कारखान्याची गाडी कुणासाठी थांबत नाही.

आईने कार्ड हातात घेतलं. चष्म्यातून पाहिलं, मग खणातलं भिंग काढून पाहिलं, मग भिंग खाली ठेवलं. म्हणाली, "छान झालंय. कडा छान झाल्यात." कार्ड चिंधीत गुंडाळून खणात ठेवलं. पुढे ती आणखी बावीस वर्षं जगली, पण भिंग तिने पुन्हा हातात घेतलं नाही. रागावली असती, एक थोबाडीत दिली असती, तर मावशीने ते केव्हाच पचवलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

मावशीला बाबांचा चेहरा आठवत नाही, हे तिचं खरं दुःख. सहा वर्षांच्या पोरीला जे आठवतं ते कार्डावरचंच आठवत होतं, आणि कार्ड गेल्यावर तेही विरत चाललं. आधी डोळे गेले, मग मिशी होती की नव्हती याचा गोंधळ झाला. ताईला विचारायची, ताई सांगायची. पण दुसऱ्याने सांगितलेला चेहरा दिसत नाही, नुसता पाठ होतो. मग ताईही गेली. आता जगात बाबांचं तोंड पाहिलेला माणूस एकटी मावशीच उरली, आणि तिला ते आठवत नव्हतं. निवृत्त झाल्यावर सकाळी चहाचा कप घेऊन ती खिडकीशी बसायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या चौतिशीतल्या पुरुषांची तोंडं बघायची. आपल्या निम्म्या वयाची ही पोरं, यांच्यातल्या कुणासारखे असतील बाबा? बासष्ट वर्षांच्या बाईने असं करणं वेडेपणाचं आहे हे तिलाही कळत होतं, पण बसायची.

भाचीने एकदा विचारलं, "मावशी, काय बघतेस रोज?" आणि मावशीने पहिल्यांदाच सगळं सांगितलं. भाचीने मोबाइल काढला. अर्ध्या तासात तिने वादळाची अकरा कार्डं शोधून दाखवली, फोटो मात्र इतके अंधुक की कडेचं काही कळेना. मावशीला वाटत होतं की असली कार्डं जगातून नाहीशी झाली असतील. ती विकली जात होती, आणि सोन्यासारखी विकली जात होती.

गल्लीच्या पलीकडे जुनी तिकिटं, नाणी, कार्डं विकणारा एक दुकानदार होता. एका डोळ्याला भिंग लावूनच तो गिऱ्हाइकाशी बोलायचा, म्हणून त्याला सगळे भिंगवाला म्हणत. दोघी आधी त्याच्याकडे गेल्या. त्याने समजावून सांगितलं. आता जुनी कार्डं ग्रेडिंगला पाठवतात. तिथले तज्ज्ञ कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे की नाही हे तपासतात, दहापैकी नंबर देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या जाड डबीत कायमचं बंद करतात. वर लेबल. माणसाची शाळा सुटते पण मार्कांची हौस सुटत नाही, त्यातलाच हा प्रकार.

"पण बाई, एक ध्यानात ठेवा," भिंगवाला म्हणाला. "कार्ड घ्यायचं, नंबर घ्यायचा नाही. डबी हातात घेऊन, उजेडात, सगळ्या बाजूंनी बघायची. नंबर बघितला की माणूस कार्ड बघायचं थांबतो."

"तुमच्याकडे आहे का वादळ?"

त्याने खालचा खण ओढला. कार्डांचा गठ्ठा, रबर लावलेला. वरच्याच कार्डाचे कोपरे कुरतडलेले होते आणि मधून घडी पडलेली होती. मावशीने हात मागे घेतला.

"ही सगळी नापासांची," तो म्हणाला. "ग्रेडिंगवाल्यांनी दहापैकी एक दिलेली, नाहीतर परत पाठवलेली. स्वस्तात देईन. बघून तर घ्या."

"नको," मावशी म्हणाली. बाहेर आल्यावर भाची वैतागली, नुसतं बघायला काय जात होतं? मावशी रस्त्याच्या कडेला थांबली. "अगं, मी त्यांना एकदा कापलंय. आता आणायचे तर धड आणायचे. स्वच्छ. असे फाटक्या अंगाने आणले तर आई काय म्हणेल?" आईला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

मग मोबाइलवर ते कार्ड दिसलं. दहापैकी नऊ. लांबच्या कुठल्या गावचा विक्रेता, डबीवर लेबल, लेबलावर चमकणारी खूण. फोटोत वादळ कालच छापल्यासारखा. फक्त डाव्या कडेवर दिव्याची तिरीप पडली होती, प्लास्टिकवर उजेडाचा पांढरा पट्टा, त्यामुळे तेवढा भाग दिसत नव्हता. भाचीने दुसरा फोटो मागितला. उत्तर आलं: नंबर नऊ आहे, तज्ज्ञांनी तपासलेलं आहे, आणखी दोघे मागे लागलेत, संध्याकाळपर्यंत कळवा.

भाची म्हणाली, "मावशी, थांबूया." ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याची पट्टी वापरली नाही, सहकाऱ्याने मोजलेला कागद पुन्हा मोजल्याशिवाय पात्याखाली घेतला नाही, ती बाई म्हणाली, "अगं, तज्ज्ञांनी तपासलंय." ओढ माणसाचं असं करते. त्या पांढऱ्या तिरिपेकडे बघत ती दिवसभर बसली. तिला त्या उजेडाच्या मागे बाबा उभे दिसत होते, आणि मिशी होती. निवृत्तीच्या पैशातला मोठा तुकडा तिने त्या संध्याकाळी तोडला.

पार्सल आलं तेव्हा तिने आधी हात साबणाने धुतले. खिडकीशी टेबल ओढलं. भाचीने वेष्टण कापलं आणि डबी तिच्या हातात दिली. मावशीने ती डोळ्यांसमोर नेली, आणि तेवढ्यात आत बारीकसा आवाज झाला. टिक. डबी जरा कलती केली, पुन्हा टिक. कार्ड आत हलत होतं.

पुढचं तिला बघायची गरज नव्हती. मापाच्या घरात मापाची वस्तू हलत नाही. तरी तिने पाहिलं. वादळ बरोबर मधोमध होता. चारही कडा धारदार, नव्या कोऱ्या. डावीकडे मैदानाचं हिरवं, आणि अगदी कडेला फक्कीच्या गाडीच्या दांड्याचं टोक, तेही कापलेलं. तिने प्लास्टिकवर पट्टी ठेवली. साडेअठरा सूत.

नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात, पण इथे कथीलसुद्धा हाताला लागत नव्हतं, ते प्लास्टिकमध्ये बंद होतं. भाची रडायलाच लागली. मावशी उठली, कपाटातून आईची रेशमी चिंधी काढली आणि आपलं जुनं, त्रेचाळीस वर्षांपूर्वी कापलेलं कार्ड डबीशेजारी ठेवलं. दोन्ही सारखी. जुळी भावंडं म्हणावीत इतकी. "हे बघ," ती म्हणाली, "मलाही नऊ मिळाले असते." आणि मग तिलाही रडू आलं. बाबांसाठी आलं, आणि जास्त करून आपल्याच हातांसाठी आलं.

दुसऱ्या दिवशी दोघी डबी घेऊन भिंगवाल्याकडे गेल्या. त्याने आधी डबीची शिवण पाहिली. "ही उघडून पुन्हा चिकटवलीय. इथे डिंकाचा फुगवटा आहे बघा. लेबल खरं, नंबर खरा, कार्ड दुसरंच. चांगलं काढून घेतलं आणि हे छाटलेलं आत टाकलं. जुन्या कागदाची कड पिवळी पडते, ही पांढरी आहे. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं." त्याने भिंग वर केलं. "तक्रार करा. मी लिहून देतो. पैसे परत मिळायचे म्हणजे भांडावं लागेल."

"भांडेन मी," भाची म्हणाली.

मावशीचं लक्ष नव्हतं. तिने विचारलं, "अशी छाटतात, तेव्हा त्या पट्टीचं काय करतात?"

"कुठल्या?"

"कापून काढलेल्या."

भिंगवाला गोंधळला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "टाकून देतात. काय करणार तिचं?"

मावशीने मान हलवली. बरोबर आहे, टाकूनच देतात. मग ती म्हणाली, "भाऊ, तो नापासांचा गठ्ठा आहे का अजून?"

होता. रबर काढताना तुटलं. एकोणचाळीस कार्डं. मावशी स्टुलावर बसली आणि तिने सवयीने गठ्ठा दोन्ही हातांनी टेबलावर ठोकून सारखा केला. मग एकेक उलटायला सुरुवात केली. भिंगवाला सांगत होता, ही मोठ्या कागदावर पंचवीस पंचवीस छापायचे आणि हाताने कापायचे, घाईत कापायचे, च्युइंगमच्या कार्डाला कोण गुण्या लावतो? म्हणून कुठलीच दोन सारखी नाहीत. खरंच नव्हती. एकात गाडीचं चाक होतं. एकात चाक आणि एक पाऊल. एकात अख्खा खांदा होता, पण तोंडाच्या जागी कुणीतरी पेनाने गोल काढला होता. मावशीचा अंगठा प्रत्येक कडेवरून फिरत होता. पंधरा, सोळा, सतरा. भिंगवाल्याने आलेल्या गिऱ्हाइकाला हातानेच थांबायला सांगितलं.

अठ्ठाविसावं कार्ड फारच बिघडलेलं होतं. मधून घडी, मागे कुणाच्या तरी हिशेबाची बेरीज, आणि कापणाऱ्याने ते इतकं सरकवून कापलेलं की वादळाचा उजवीकडचा कोपर गायब. मधोमध काहीच नव्हतं. ग्रेडिंगवाल्यांनी त्याला एकसुद्धा दिला नव्हता, तसंच परत पाठवलं होतं. पण उजवीकडे जेवढं गेलं होतं तेवढं डावीकडे आलं होतं.

मावशीने पट्टी काढली. अडीच सूत.

भिंगवाल्याने स्वतःच्या डोळ्यावरचं भिंग काढून तिच्या हातात दिलं.

मिशी नव्हती. गालाची हाडं वर होती, केस कपाळावर आलेले, आणि कान मावशीचे होते, थेट मावशीचे, पुढे आलेले, ज्यांवरून ती शाळेत चिडायची. ती बघत राहिली. तिने भिंग भाचीला दिलं, कारण तिला आता काही दिसत नव्हतं.

भाचीने बराच वेळ पाहिलं. "किती तरुण आहेत गं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण मावशी, हे तर फोटोकडे बघतच नाहीयेत. आणि हा हात बघ. हात असा पुढे का धरलाय?"

"कुठला हात?" जुन्या कार्डात हात नव्हता. जुन्या कार्डात बाबा एका खांद्यावरच संपत होते. मावशीने भिंग परत घेतलं. डावीकडचा हात कडेपर्यंत लांब केलेला होता, तळवा उघडा, बोटं वर. नजरही तिकडेच, कार्डाच्या बाहेर. तोंड किंचित उघडं होतं. काहीतरी बोलत होते.

"कुणाला थांबवताहेत?" भाचीने विचारलं.

मावशीने कार्ड टेबलावर ठेवलं, डाव्या कडेपासून चार बोटं दूर, नुसत्या लाकडावर बोट टेकवलं आणि ते तिथेच राहू दिलं.

"मी इथे बसायचे," ती म्हणाली. "पालथ्या बादलीवर. ताजी रेघ मी पुसायचे ना पायाने, म्हणून. बाबा म्हणायचे, तिथेच बस, आलोच."